गाडीजवळचा माणूस

"ड्रायव्हर तुमच्या ओळखीचे का?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हो, ओळखीचेच आहेत. आमच्या गल्लीतलेच."

सकाळचे सहा वाजले होते. पोस्टाच्या कोपऱ्यावर धुकं इतकं होतं, की समोरच्या पाण्याच्या टाकीचे नुसते पाय दिसत होते. पक्षी बघणाऱ्या मंडळाची नेहमीची गाडी ऐनवेळी बिघडली म्हणून तिनेच आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, गाडीची सोय मी करते. ती सोय आता समोर उभी होती. पंप आणि मोटारी वाहून नेणारी जुनी व्हॅन, दोन्ही बाजूंना 'पंप दुरुस्ती' अशी ठळक अक्षरं. आणि व्हॅनचं मागचं दार उघडून धरलेला तिचा नवरा.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. आदल्या संध्याकाळी मिस्त्रीने तासभर घासून बोटं स्वच्छ केली होती, नखांत ब्रश घालून. सीटवर घरातल्या धुतलेल्या चादरी अंथरल्या होत्या. ठेवणीतला शर्ट घालून, केसांना तेल लावून तो तयार झाला होता. निघताना आरशात बघत म्हणाला होता, "काय काय बोलायचं नाही ते आत्ताच सांगून ठेव गं. नंतर डोळे वटारू नकोस." दोघंही हसली होती.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो नमस्कार करायला एक पाऊल पुढे आला होता, हात अर्धवट वर गेले होते. तिचं उत्तर संपता संपता ते हात खाली आले आणि एक हात दाराच्या कडीवर जाऊन बसला, जणू त्यासाठीच निघाला होता.

त्याने ऐकलं का? पुढच्या अर्ध्या तासाच्या प्रवासात तिला दुसरं काही सुचलं नाही. तीस वर्षं घरघरणाऱ्या मोटारींशेजारी उभं राहून मिस्त्रीचा डावा कान गेल्यातच जमा होता. त्यामुळे तो बोलायचाही गडगडाटी. शेजारणी म्हणत, तुमच्याकडे भांडण चाललंय की चहा घेताय, कळत नाही. मघाशी तिच्याकडे कोणता कान होता? तो दाराच्या डाव्या अंगाला उभा होता. म्हणजे डावा? की मान वळवली होती? तिने मनातल्या मनात त्याला पाच-सहा वेळा उभं करून पाहिलं. दर वेळी कान बदलत होता.

अशी बाई ती नव्हती. निदान तिला तसं वाटत आलं होतं. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ती प्रयोगशाळेत मदतनीस होती. बरण्या धुवायच्या, ट्रे मांडायचे, मुलं गेली की टेबलं पुसायची. भिंतीलगतच्या काचेच्या कपाटांत पेंढा भरलेले शंभरेक पक्षी होते, त्यांची धूळ झटकायचं कामही तिचंच. चोवीस वर्षं धूळ झटकता झटकता प्रत्येकाची चिठ्ठी पाठ झाली होती. कुणाचा डोळा निखळलाय, कुणाच्या पंखाला कसर लागलीय, सगळं तिला घरच्या माणसांसारखं माहीत. एक दिवस दातांचे डॉक्टर परवानगी काढून ती कपाटं बघायला आले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी रविवारचं पक्षी बघायचं मंडळ काढलं होतं. कपाटं तिने दाखवली. ते इतके खूश झाले, की म्हणाले, "तुम्ही याच आमच्याबरोबर."

पहिल्याच फेरीत तळ्याच्या कडेने एक छोटा पक्षी उडाला. तो कोणता, यावर डॉक्टर आणि मंडळातल्या बँकवाल्या बाई पुस्तकं उघडून वाद घालत होते. तिच्या तोंडून हळूच निघालं, "हिरवी तुतवार आहे. पंखाखाली काळी असते ती." कपाटातल्या तुतवारीचा निखळलेला पंख, त्या काळेपणासकट, तिने स्वतः गोंदाने चिकटवून बसवला होता. डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "या प्राणिशास्त्रात असतात कॉलेजात." आता ती प्राणिशास्त्रात असे, यात खोटं काहीच नव्हतं. बरण्यासुद्धा प्राणिशास्त्रातच असत. पण त्या दिवसापासून ती 'मॅडम' झाली, आणि तिनेही कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

गाडी तळ्याशी थांबली. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी उतरताना पँट चिमटीत धरून वर उचलली, सीटखालचं ग्रीस लागू नये म्हणून. तिने ते पाहिलं आणि तिचे कान तापले. पोस्टाच्या कोपऱ्यावर चढतानाही बाईंनी असंच केलं होतं, आणि नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी विचारलं होतं, ड्रायव्हर ओळखीचे का.

"तुम्हीही या हवं तर," डॉक्टर मिस्त्रीला म्हणाले.

"नको साहेब. गाडीजवळ थांबतो. काचाबिचा फोडतात पोरं."

पक्षी सोडले तर आसपास चिटपाखरू नव्हतं. पोरं कुठली! पण डॉक्टर बरं म्हणाले आणि सगळे बांधावर चढले. तिने वळून पाहिलं. मिस्त्री फडकं घेऊन, पुसलेलीच काच पुन्हा पुसत होता.

परत निघताना त्याने दार उघडलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "बसा मॅडम."

कोणता कान होता, ते तेव्हा तिला कळलं.

घरी आल्यावर तो नेहमीसारखा जेवला. "मजा आली?" असं नेहमीसारखं विचारलं. ती हो म्हणाली. भांडी घासताना तिने ठरवलं, आता बाहेर जाऊन सांगायचं, चुकलं माझं. हात पुसून बाहेर आली तर तो पेपर तोंडावर घेऊन झोपला होता. झोपेतल्या माणसाला उठवून कुठे माफी मागायची! उद्या सांगू, म्हणून तिने पंखा लावला.

तो उद्या काही उजाडला नाही. मंडळाची जुनी गाडी दुरुस्त व्हायची नव्हतीच, आणि मिस्त्रीची व्हॅन सगळ्यांच्या अंगवळणी पडली. दर पंधरवड्याला शनिवारी संध्याकाळी तो विचारायचा, "उद्या किती वाजता लावू गाडी?" ती वेळ सांगायची. कोपऱ्यापासून तळ्यापर्यंत ती मॅडम. परत कोपऱ्यावर सगळे उतरून गेले, की ती पुढे येऊन त्याच्या शेजारी बसायची आणि दोघं भाजी घेऊन घरी यायची.

उन्हाळ्यात तळं आटलं. मधे उरलेल्या डबक्याभोवती बगळे पंगतीला बसल्यासारखे बसायचे. एका रविवारी ऊन असं चढलं, की सगळ्यांकडचं पाणी संपलं. वनखात्याच्या चौकीपाशी हातपंप होता. दांडा हलवला की नुसता कण्हायचा. मिस्त्री गाडीतून अवजारांची पेटी घेऊन आला. अर्ध्या तासात त्याने पंप उघडला, आतला फाटका वायसर काढला, टायरच्या ट्यूबचा गोल तुकडा कापून बसवला. चार हिसके दिल्यावर पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बँकवाल्या बाईंनी तर ओंजळ धरून तोंडावर पाणी मारलं.

"मॅडम, तुमचा ड्रायव्हर गुणी आहे हो!" डॉक्टर म्हणाले.

किती सोपं होतं तेव्हा! संधी आपल्या पायांनी चालून आली होती. 'ड्रायव्हर नाहीत डॉक्टर, माझे मिस्टर आहेत,' एवढंच म्हणायचं. सगळे हसले असते, तिची थोडी थट्टा झाली असती आणि विषय संपला असता. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण मग आधी का नाही सांगितलं, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. ती म्हणाली, "हो. हातात कला आहे त्यांच्या." मिस्त्री मान खाली घालून पान्हे पुसत होता. गुणी माणसाची स्तुती झाल्यावर तो हसतो तसं थोडंसं हसलाही.

पावसाळ्यात बांधावर चिखल माजला. एकदा गाडी रुतली तेव्हा डॉक्टर स्टिअरिंगवर बसले आणि मिस्त्रीने मागून धक्का दिला. चाक गरकन फिरलं आणि तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखला. परतीच्या वाटेवर तो कुडकुडत गाडी चालवत होता. ती मागच्या सीटवर होती. तिच्या पिशवीत कोरडा टॉवेल होता. ड्रायव्हरला आपला टॉवेल देणारी मॅडम विचित्र दिसेल का, असा हिशेब ती करत बसली. हिशेब पूर्ण व्हायच्या आधी बँकवाल्या बाईंनी आपला रुमाल पुढे केला. पुढच्या फेरीला डॉक्टरांनी घरून एक जाकीट आणलं. "जुनंच आहे, पण उबदार आहे. घ्या, तुम्हाला होईल." मिस्त्रीने ते दोन्ही हातांनी घेतलं. "थँक्यू साहेब."

जाकीट त्याला खरंच झालं. तो ते दुकानातही घालून जाऊ लागला. गल्लीत कुणी विचारलं, नवीन का, की गडगडाटी आवाजात सांगायचा, "हिच्या मंडळातल्या डॉक्टरांनी दिलंय!" त्यात टोमणा शोधून शोधून ती थकली. तो एकदा ओरडला असता, ताट बाजूला सारलं असतं, दोन दिवस अबोला धरला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तिने एकदा सुचवून पाहिलं, "दुसरी गाडी बघू का मंडळासाठी? तुमचा रविवार जातो सगळा."

तो पटकन म्हणाला, "का? मी नीट चालवत नाही?"

ती चहा टाकायला उठली.

पुन्हा थंडी पडली. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात नर्स होती. ती चार दिवसांची रजा काढून आली, आणि नेमका त्याच रविवारी पाणपक्ष्यांच्या गणतीचा बेत होता.

"मीपण येणार," मुलगी म्हणाली. "बाबा फोनवर इतकं सांगतो तुझ्याबद्दल. आईने अमका पक्षी ओळखला, आईला सगळे मॅडम म्हणतात. मागच्या वेळी तर पंधरा मिनिटं फक्त तुझंच कौतुक."

तिच्या हातातून झाकण खाली पडलं. "थंडी फार असते गं तिकडे. तू आराम कर. रात्रपाळ्या करून करून चेहरा बघ कसा झालाय."

"आई, मी येतेय."

ती रात्रभर वाट बघत राहिली, की मिस्त्री मुलीला बाजूला घेऊन काहीतरी सांगेल. मिस्त्रीला वाटलं असावं, की ती सांगेल. कुणीच सांगितलं नाही.

सकाळी कोपऱ्यावर तिने ओळख करून दिली, "ही माझी मुलगी." सगळ्यांना आनंद झाला. मुलगी हट्टाने पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली. गाडीच्या खडखडाटात त्या दोघांचं बोलणं मागे ऐकू येत नव्हतं, हे नशीब. तळ्यावर सगळे बांधावर ओळीने उभे राहिले. डॉक्टर आकडे सांगत होते, बँकवाल्या बाई लिहून घेत होत्या. एवढ्यात वरून एक भोवत्या, शिकारी पक्षी, पंख पसरून तरंगत आला आणि पाण्यावरची हजारभर बदकं एकदम उठली. आभाळ हललं. मुलीने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. ती उलटी वळली आणि दोन्ही हात हलवत गाडीच्या दिशेने ओरडली, "बाबा! ए बाबा, लवकर ये ना! तुला दिसतंय का तिथून?"

डॉक्टरांचं मोजणं थांबलं. बँकवाल्या बाईंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग तिच्याकडे.

मिस्त्री धावत बांधावर आला होता, मुलीने हाक मारल्यावर तो तसाच येई. वर आल्यावर त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि काय झालं ते त्याला कळलं. तो मोठ्यांदा हसला.

"अहो, अंगाखांद्यावर खेळवलीय हिला लहानपणी," तो डॉक्टरांना म्हणाला. "बाबाच म्हणते मला. आमच्या गल्लीतली सगळीच पोरं म्हणतात."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं. तिला वाटलं, बाबा काहीतरी गंमत करतोय. ती पुढच्या वाक्याची वाट बघत होती. पुढचं वाक्य आलं नाही. मग तिने आईकडे पाहिलं.

आईने दुर्बीण डोळ्यांना लावली.

दुर्बिणीतून फक्त पाणी दिसत होतं, तेही धुरकट. चाक फिरवून ते स्पष्ट करायचं भानही तिला राहिलं नाही. बदकांचा थवा चक्कर मारून परत पाण्यावर उतरल्याचा आवाज आला. डॉक्टर खाकरले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. मिस्त्री बांध उतरून गाडीकडे गेला.

घरी आल्यावर मुलीने बॅग भरायला घेतली, एक दिवस आधीच. स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिने विचारलं, "किती दिवस चाललंय हे?"

"गेल्या थंडीपासून."

"आणि बाबा?"

"ते काही बोलले नाहीत."

"म्हणून तूही बोलली नाहीस." मुलीचा आवाज चढला नाही. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना ती असाच आवाज लावत असावी.

थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून मिस्त्रीचं बोलणं ऐकू आलं. तो मुलीला समजावत होता आणि आपण कुजबुजतोय, अशी त्याची समजूत होती. पण त्याची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण. भिंतीपलीकडे शब्द न् शब्द येत होता. "चोवीस वर्षं बरण्या धुतल्या गं तिने. कुणी नावाने हाक मारली नाही. आता चार शिकलेली माणसं तिला विचारतात, हा पक्षी कोणता, तो कोणता. त्यात मी मधे येऊन पंपाच्या गोष्टी सांगायच्या? मला ओळखतेस ना तू. मी गप्प बसतो का? त्यापेक्षा गाडीत बसलेलं काय वाईट? तू तिला काही बोलू नकोस."

ती ओट्याला धरून उभी होती. ज्या आवाजाची तिला आयुष्यभर चारचौघांत लाज वाटली, त्या आवाजाने आज सगळं तिच्यापर्यंत आणून पोचवलं होतं. डोळ्यांत पाणी आलं असतं तर सुटका वाटली असती. तेही आलं नाही.

पंधरा दिवसांनी, पोस्टाच्या कोपऱ्यावर, सगळे गाडीत चढायच्या आधी तिने सांगितलं. कसं सांगायचं याची दहा वाक्यं तिने पाठ केली होती. ऐनवेळी एकही आठवलं नाही. "हे ड्रायव्हर नाहीत," ती म्हणाली. "हे माझे मिस्टर आहेत. पहिल्या दिवशी मी खोटं बोलले. मला लाज वाटली म्हणून. आणि मी शिकवतही नाही कॉलेजात. प्रयोगशाळा साफ करते."

बँकवाल्या बाई हलकेच म्हणाल्या, "मला पावसाळ्यातच कळलं होतं हो. ते चिखलाने माखले तेव्हा तुम्ही अशा उठलात, की गल्लीतल्या माणसासाठी कुणी उठत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. नंतर मलाच बोलायची चोरी झाली."

म्हणजे टॉवेलचा तो सगळा हिशेब बाई शेजारी बसून बघत होत्या. ती पुरती कानकोंडी झाली.

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. "अरे देवा! आणि मी त्यांना जुनं जाकीट दिलं!" ते मिस्त्रीकडे गेले, त्याचा हात हातात घेतला. "माफ करा हो. मी अगदीच..."

"डॉक्टर, जाकीट परत मागू नका म्हणजे झालं," मिस्त्री म्हणाला.

सगळे हसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. मग त्याला मिस्त्रीसाहेब म्हणणं सुरू झालं. कुणी चहा पुढे केला, कुणी गळ्यातली दुर्बीण काढून देऊ केली, तळ्यावर पोचल्यावर बाईंनी तर त्याला हाताला धरून बांधावर न्यायचा प्रयत्न केला. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. लोकांचा तो चांगुलपणा बघून दगड उलट जागच्या जागी घट्ट बसला.

"येईन की पुढे कधीतरी," मिस्त्री सगळ्यांना म्हणाला. "आज गाडीजवळच बरा."

मंडळी बांधावरून दिसेनाशी झाली. ती गेली नाही. मिस्त्रीने गाडीतली घडीची छोटी स्टुलं काढली, एक सावलीत मांडून त्यावर बसला, दुसरं तिच्याकडे सरकवलं.

"कशाला सांगितलंस? चाललं होतं ना," तो म्हणाला. आज त्याचा आवाज खरोखरच हळू होता.

"त्या दिवशी ऐकलं होतंत तुम्ही."

"हा कान ठीक आहे माझा."

"मग घरी आल्यावर का नाही बोललात? चार शिव्या तरी द्यायच्या."

तो बुटाच्या टोकाने मातीत रेघ ओढू लागला. "आधी वाटलं, घरी पोचेपर्यंत सांगशील. मग वाटलं, पुढच्या खेपेला." त्याने रेघ पायाने पुसून टाकली. "मग सवय झाली."

ती काही बोलणार, तोच त्याने तळहात तिच्यासमोर धरला. "हालू नकोस. तो दगड दिसतो का, वाकडा? त्याच्या डावीकडे, पाचोळ्यात. एक पक्षी जमिनीला चिकटून बसलाय. महिना झाला, दर खेपेला तिथेच असतो. नाव नाही मला माहीत."

तिने पाहिलं. दगड दिसला. त्याच्या डावीकडे सुकलेली पानं होती, काटक्या होत्या, सालीचा एक तुकडा होता. एवढ्या जवळ दुर्बिणीचा उपयोग नव्हता. तिने ती मांडीवर ठेवली.

"डोळा मिटून बसलाय बघ. दिसला?"

बांधावर उभं राहून असं कुणी विचारलं, की सगळेच 'दिसला, दिसला' म्हणत. तीही म्हणायची, बरेचदा काहीच दिसलेलं नसताना.

"नाही," ती म्हणाली.

"असू दे. घाई नाही. उडत नाही तो."

दोघं शेजारी शेजारी बसून राहिली. ऊन सरकत सरकत त्यांच्या पायांशी आलं. तो मधेच खाली वाकून, तिच्या नजरेच्या रेषेत आपलं बोट धरून पुन्हा जागा दाखवायचा. ती डोळे ताणून बघायची. तिला अजून नुसती पानंच दिसत होती.